मांजराचें पोट बिघडलें असतां



आजचा माझा विषय ऐकून आपणांपैकीं कांहींना हंसूं येईल. जगापुढें एवढाले प्रश्न उभे असतांना या मास्तरला मांजराच्या पोटाखेरीज दुसरें कांहीं सुचलें नाहीं काय, असेंही कोणी म्हणेल. परंतु ज्यांच्या घरीं मांजर आहे ते हंसणार नाहींत. सकाळीं उठून पाहावें तों स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशीं पिवळट फेंस पडलेला, आणि मांजर कपाटाखालीं अंग आंखडून बसलेलें. हाक मारली तर येत नाहीं; दूध दाखविलें तर तोंड फिरवितें. अशा वेळीं घरांतील प्रत्येक माणूस वैद्य होतो. आजी म्हणतात, "ओव्याचें पाणी पाजा." सूनबाई म्हणतात, "दहींभात द्यावा." धाकटे चिरंजीव औषधाच्या डब्यांतून तापाची गोळी काढतात. आणि घरचे कर्ते पुरुष "एक-दोन दिवस उपाशी ठेवा, आपोआप बरें होईल," असा निकाल देऊन वर्तमानपत्र उघडतात. चौघांचाही हेतु चांगला असतो. परंतु या चार उपायांपैकीं एक बहुधा निरुपद्रवी आहे, दोन वाईट आहेत, आणि एक प्राणघातक आहे. कोणता कसा, तेंच आज सांगावयाचें आहे.

मी वैद्य नव्हें. माझें आयुष्य खर्ड्यास मुलें शिकविण्यांत गेलें. आमच्या गांवाचें नांव इतिहासाच्या पुस्तकांत १७९५ च्या मराठे-निजाम लढाईपुरतें येतें. परंतु गांवांत पिढ्यान् पिढ्या चालत आलेलें युद्ध आहे तें उंदरांशीं. जामखेड तालुक्याचा हा भाग ज्वारीचा. रब्बीची ज्वारी घरांत आली कीं तिच्यामागोमाग उंदीर येतात, आणि उंदरांमागोमाग मांजर. म्हणून आमच्याकडे कोणी मांजर पाळीत नाहीं. तें घरांत असतें, इतकेंच. सकाळ-संध्याकाळ दुधांत कुस्करलेली भाकरी त्याला मिळते, आणि उरलेलें पोट तें आपलें आपण भरतें. पुण्या-मुंबईच्या चौथ्या मजल्यावरील मांजराला ही सोय नाहीं. तें सर्वस्वीं आपल्या हातावर जगतें. आणि म्हणूनच आपला हात चुकला तर त्याला दुसरा आधार नसतो.

प्रथम एक गोष्ट ध्यानांत घ्यावी. मांजर हें लहान माणूस नव्हे, आणि लहान कुत्रेंही नव्हे. कुत्रें आपल्या पंक्तीला बसून पोळी, भात, वरण पचवितें. मांजर शरीररचनेनेंच मांसाहारी आहे. गाईचें आंतडें तिच्या शरीराच्या लांबीच्या सुमारें वीसपट असतें, मांजराचें जेमतेम चौपट. मांस पचावयास एवढें पुरतें. टॉरिन नांवाचें एक द्रव्य आपलें शरीर स्वतः तयार करतें. मांजराच्या शरीराला तें पुरेसें तयार करतां येत नाहीं, मांसामाशांतूनच मिळवावें लागतें. त्याच्या अभावीं मांजराची दृष्टि जाते हें १९७५ सालीं अमेरिकेंतील संशोधकांनीं दाखविलें, आणि त्याच उणिवेनें हृदयही दुबळें होतें हें १९८७ सालीं उघड झालें. खेड्यांतलें मांजर ही उणीव उंदरांवर भरून काढतें. केवळ दूधभातावर वाढविलेलें शहरांतलें मांजर बाहेरून गुबगुबीत दिसलें तरी आंतून उपाशी असूं शकतें, आणि अशा मांजराचें पोट वारंवार बिघडलें तर नवल नाहीं.

यकृताची गोष्ट याहूनही महत्त्वाची आहे. आपण औषध घेतों तेव्हां यकृत त्या द्रव्याला एक विशिष्ट जोड देऊन निरुपद्रवी करतें आणि लघवीवाटें बाहेर धाडतें. अनेक द्रव्यांच्या बाबतींत ही जोड देण्याचें सामर्थ्य मांजराच्या यकृतांत फार थोडें असतें. धाकट्या चिरंजीवांनीं काढलेली तापाची गोळी म्हणजे पॅरासिटामॉल. पांचशें मिलिग्रॅमची एक गोळी चार किलो वजनाच्या मांजराचा प्राण घ्यावयास पुरेशी होते. रक्ताची प्राणवायु वाहून नेण्याची शक्ति नष्ट होते, हिरड्या तपकिरी-निळ्या पडतात, तोंड व पंजे सुजतात, श्वास लागतो. ज्या गोळीनें आपल्या मुलाचा ताप उतरतो ती देणाऱ्याच्या मनांत पापाचा लेशही नसतो. मांजर मारलें तर काशीस सोन्याचें मांजर वाहावें लागतें अशी आपल्याकडे समजूत आहे, आणि तिच्या भयानें मांजराला काठी न लावणारीं कितीतरी घरें मला ठाऊक आहेत. परंतु गोळीचें भय कोणी घातलेलें नाहीं, म्हणून तें आज मी घालतों. गोळी चुकून गेलीच, तर लक्षणांची वाट न पाहतां ताबडतोब पशुवैद्याकडे धांव घ्यावी. यावर उतारा आहे, पण तो वेळेवर मिळावा लागतो.

आजींच्या ओव्याचीही गत यकृताच्या याच उणिवेशीं येऊन पोंचते. ओव्यांत थायमॉल असतें, आणि तें फिनॉल वर्गांतलें द्रव्य आहे. तान्ह्या मुलाचा पोटांतला वायु ज्या ओव्यानें सरतो तो मांजराच्या यकृताला ओझें होतो. त्याचा अर्क तर मुळींच देऊं नये. आणि येथें एक गोष्ट सांगून ठेवतों, जी औषधाच्या डब्यांत नसून मोरीच्या कोनाड्यांत असते. मांजर ओकलें कीं आपण घाईघाईनें फिनेल टाकून फरशी पुसतों. फिनेलही त्याच वर्गांतलें. मांजर ओल्या फरशीवरून चालतें, मग निवांत बसून पंजे चाटतें, आणि बरें व्हावयाच्या ऐवजीं अधिकच आजारी पडतें. साबणाच्या पाण्यानें फरशी धुवावी, आणि ती वाळेपर्यंत मांजराला दुसऱ्या खोलींत ठेवावें.

कांदा व लसूण यांचा दोष निराळा आहे. ते रक्तांतील तांबड्या पेशी फोडतात, आणि या बाबतींत मांजर कुत्र्याहूनही नाजूक. कच्चा असो, शिजलेला असो, वाटणांतला असो, कांदा तो कांदाच. मांजराला उष्टा रस्सा घालावयाची चाल पुष्कळ घरांत आहे. त्याचा परिणाम त्याच दिवशीं दिसत नाहीं. तीन-चार दिवसांनीं हिरड्या पांढुरक्या पडतात, मांजर धांपा टाकतें, आणि रविवारच्या रश्श्याशीं त्याचा संबंध कोणी जोडीत नाहीं.

आतां दूध. मांजर डोळे मिटून दूध पितें ही म्हण आपल्या भाषेंत इतकी रुजली आहे कीं दुधावांचून मांजराची कल्पनाच करवत नाहीं. परंतु दुधांतली साखर पचविणारा रस पिल्लाच्या आंतड्यांत भरपूर असतो, आणि आईचें दूध तुटल्यावर तो हळूहळू आटत जातो. मग न पचलेली साखर आंतड्यांत पाणी ओढून घेते, आंबते, आणि मांजराला पातळ होतें. कांहीं मांजरांना थोडें दूध सोसतें हें खरें, आमच्या खेड्यांतलीं मांजरें त्याची साक्ष आहेत; परंतु ज्याचें पोट आधींच बिघडलें आहे त्याला दूध देणें म्हणजे गळक्या घागरींत पाणी ओतणें होय. दह्यांत ती साखर कमी असते, म्हणून सूनबाईंचा दहींभात मीठ, मिरची व फोडणी यांवांचून चमचाभर दिला तर बहुधा बाधत नाहीं. तो औषध आहे असें मात्र समजूं नये.

अगदीं लहान पिल्लाला, ज्याची आई मेली किंवा निघून गेली, गाईचें दूध पाजण्याचा मोह सर्वांनाच होतो. मांजरीच्या दुधांत प्रथिनें गाईच्या दुधाच्या सुमारें दुप्पट असतात. म्हणून पिल्लाचें पोट भरल्यासारखें दिसतें पण तें वाढत नाहीं, आणि पुष्कळदां त्याला हगवणही लागते. पिल्लांसाठीं मुद्दाम तयार केलेली दूधपूड शहरांत मिळते, तीच वापरावी. आणि पाजतांना पिल्लाला तान्ह्या बाळासारखें उताणें धरूं नये. पोटावर ठेवून, मान किंचित् वर करून पाजावें. उताण्या पिल्लाच्या फुफ्फुसांत दूध जातें.

कर्त्या पुरुषांचें लंघन हें आपल्या वैद्यकांतलें जुनें औषध, आणि माणसाच्या अजीर्णावर तें उत्तमही आहे. मांजराला तें लागू पडत नाहीं. अन्न तुटलें कीं मांजराच्या अंगांतील चरबी सुटून यकृताकडे धांवते; यकृताला एवढी चरबी हातावेगळी करतां येत नाहीं, आणि तें स्वतःच चरबीनें भरून जातें. दोन-तीन दिवस संपूर्ण उपाशी राहिलेलें मांजर, विशेषतः लठ्ठ मांजर, अशा रीतीनें काविळीच्या पंथास लागतें. कानाच्या आंतली कातडी आणि हिरड्या पिवळ्या दिसूं लागतात, आणि मूळचा पोटाचा बिघाड बाजूस राहून हाच रोग जिवावर बेततो. म्हणून मोठ्या मांजरानें चोवीस तास अन्नाला तोंड लावलें नाहीं तर घरचे उपाय तेथेंच संपले असें समजावें. पिल्लाची मुदत याहून पुष्कळच कमी आहे.

मग घरीं करावें तरी काय? मोठें, एरवीं निरोगी मांजर. एक-दोनदां ओकलें आहे किंवा दोन-तीनदां पातळ झालें आहे. परंतु डोळे तरतरीत आहेत, हाक मारली तर कान वळवितें, अंगावर हात फिरविलेला त्याला आवडतो. अशा मांजराची एक दिवस घरीं शुश्रूषा करावयास हरकत नाहीं. ओकारी थांबल्यावर दोन-तीन तास पोटाला विसांवा द्यावा. पाण्याचें भांडें एकदम भरून पुढें ठेवलें तर मांजर घटाघटा पितें आणि तितकेंच ओकून टाकतें. म्हणून दर अर्ध्या तासानें चमचा-दोन चमचे पाणी उथळ बशींत द्यावें. तें टिकलें म्हणजे अन्नाकडे वळावें. अन्न म्हणजे कोंबडीचें मांस. हाडें व कातडें काढून नुसत्या पाण्यांत शिजविलेलें आणि बोटांनीं बारीक कुस्करलेलें. मीठ नाहीं, हळद-तिखट नाहीं, तेल नाहीं. त्यांत मऊ भाताचा एखादा चमचा मिसळला तरी चालेल. एका वेळीं एक मोठा चमचा, आणि दिवसांतून पांच-सहा वेळां. अन्न कोमट असावें, कारण मांजराची भूक जिभेपेक्षां नाकानें जागी होते. फडताळांतलें गार मांस तें हुंगून निघून जातें, तेंच कोमट केलें तर खातें. ज्या घरांत मांस शिजत नाहीं त्यांनीं मांजरासाठीं विकत मिळणारें ओलें खाद्य आणावें, किंवा शेजारधर्माचा आश्रय करावा. आमच्या गल्लींत असा एक शेजार आहे, आणि तेथील वाटी आमच्या घरीं झांकून येते. मल नीट बांधला जाऊं लागला कीं तीन-चार दिवसांत हळूहळू नेहमींच्या अन्नावर यावें.

मांस शिजविलेलें पाणीही गाळून, गार करून द्यावें. नुसतें पाणी न पिणारें मांजर तें पितें. मीठ-साखरेचें पाणी मुलांच्या हगवणीवर अमृत ठरलें आहे, म्हणून कित्येक जण तें मांजराला पाजूं पाहतात आणि मांजर तोंड वेडेंवांकडें करतें. त्यांत त्याचा हट्ट नाहीं. मांजराला गोड चव कळतच नाहीं! गोडी ओळखणाऱ्या रचनेचा एक भाग मांजराच्या वंशांत फार पूर्वींच निकामी झाला, हें अमेरिकेंतील फिलाडेल्फियाच्या मोनेल संस्थेंतील संशोधकांनीं २००५ सालीं शोधून काढलें. आपल्याला जें सरबत वाटतें तें त्याला खारट पाणी. जबरदस्तीनें पाजण्यांत तर मोठाच धोका आहे. तोंड उघडून ओतलेलें पाणी, तेल, काढा, कांहींही असो, श्वासनलिकेंत गेलें म्हणजे पोटाचा रोगी फुफ्फुसाचा रोगी होतो.

प्रत्येक ओकारी रोग नव्हे, हेंही सांगितलें पाहिजे. मांजर दिवसाचा बराच वेळ अंग चाटण्यांत घालवितें. त्याच्या जिभेवर घशाकडे वळलेले बारीक कांटे असतात, त्यामुळें सुटलेला केंस पोटांतच जातो. बहुतेक केंस खालून निघून जातात. कांहींची लांबट गुंडाळी होऊन ती ओकून पडते. गवत खाऊन ओकणें हाही मांजराच्या स्वभावाचाच भाग आहे. महिन्यांतून एखादे वेळीं असें झालें व मांजर लगेच खेळूं लागलें तर घाबरूं नये. लांब केंसांच्या मांजराला रोज विंचरावें, म्हणजे पोटांत जाणारा केंस फणींत येतो. परंतु आठवड्यास दोन-तीनदां ओकूं लागलें, किंवा ओकल्यासारखें करून कांहींच पडत नसलें, तर केंसांच्या नांवावर तें खपवूं नये.

आतां मलावरोध. आपल्या मांजराचा पूर्वज आफ्रिका-पश्चिम आशियाच्या कोरड्या प्रदेशांतला रानमांजर. शिकारीच्या अंगांतल्या ओलाव्यावर त्याचें भागत असे, आणि ती थोडक्या पाण्याची संवय आजच्या मांजरांतही उरली आहे. कोरडें खाद्य आणि कमी पाणी यांनीं मल कठीण होतो. दोन-तीन ठिकाणीं पाणी ठेवावें, भांडें पसरट असावें, अन्न ओलें द्यावें. लाल भोपळा नुसता उकडून, कुस्करून, चहाचा एक चमचा अन्नांत मिसळला तर सौम्य मलावरोधास उतार पडतो. इसबगोल चिमूटभर, पण पुष्कळ ओल्या अन्नांत आणि पशुवैद्यास विचारून. एरंडेल मात्र देऊं नये. कां, तें सांगतांना मला माझीच चूक सांगावी लागणार आहे.

आमच्या घरीं ढाण्या नांवाचा पिंवळ्या पट्ट्यांचा बोका होता. एका उन्हाळ्यांत तो राखेच्या घमेल्याकडे पुन्हां पुन्हां जाऊं लागला. बसे, कुंथे, उठे, पुन्हां बसे. मला वाटलें, पोट साफ होत नाहीं. लहानपणीं आम्हां भावंडांस महिन्याकाठीं एरंडेल मिळत असे, तेंच चमच्यानें त्याच्या तोंडांत घातलें. दुसऱ्या दिवशींही तेंच. तिसऱ्या दिवशीं सकाळीं तो कणगीच्या मागें पडलेला सांपडला. अंग गार, तोंडाला फेंस. माझ्या एका जुन्या विद्यार्थ्यानें मोटारसायकल काढली, आणि टोपलींत घालून आम्हीं त्याला पशुवैद्याकडे नेलें. त्यांनीं पोटावर हात ठेवला आणि म्हणाले, "गुरुजी, हें शौचाचें नव्हे. याची लघवी अडली आहे." मूत्राशय कवठासारखा टणक लागत होता. मग त्यांनीं विचारलें, "घरीं कांहीं दिलें होतें का?" मी म्हणालों, "नाहीं." चाळीस वर्षें मुलांना खरें बोलावयास शिकविलें, आणि त्या टेबलाशीं मला एक चमचा तेल कबूल करवलें नाहीं. ढाण्या दुपारपर्यंत राहिला नाहीं. तेलामुळें तो गेला असें पशुवैद्य म्हणाले नाहींत, आणि कारण तें नव्हतेंच. तो गेला त्या दोन दिवसांमुळें, जे मीं तेल पाजण्यांत घालविले.

बोक्याची मूत्रनलिका अतिशय अरुंद असते. लघवींतील खड्यांची बारीक रेती किंवा चिकट द्रव्याची गुठळी तींत अडकली कीं लघवी बंद होते. मूत्राशय फुगतो, शरीरांतील विषें रक्तांत सांचतात, मांजर ओकूं लागतें, आणि एक-दोन दिवसांत हृदय बंद पडतें. बाहेरून पाहणाऱ्याला मात्र कुंथणें आणि ओकणें एवढेंच दिसतें, आणि तो त्याला पोटाचा विकार समजतो. ओळखण्याची खूण सोपी आहे: घमेल्यांतली राख, किंवा आपल्याकडे पेटींतली वाळू, ओली आहे कीं कोरडी, तें पाहावें. बोका वारंवार बसतो आणि वाळू कोरडी राहते, तर रात्र असो, सण असो, घरीं बसूं नये.

दोऱ्याची गोष्टही अशीच घरगुती आहे. शिवणाचा दोरा, गजऱ्याचा दोरा, राखीचा गोंडा, पतंगाचा मांजा, हीं सर्व मांजराचीं खेळणीं. आणि त्याच्या जिभेचे कांटे घशाकडे वळलेले असल्यामुळें एकदां तोंडांत गेलेला दोरा बाहेर येत नाहीं, गिळलाच जातो. त्याचें एक टोंक जिभेखालीं अडकतें, दुसरें आंतड्यांत पुढें सरकतें, आणि आंतडें चुणीच्या कापडासारखें गोळा होतें. तोंडांतून किंवा गुदद्वारांतून दोरा लोंबतांना दिसला तर तो ओढूं नये, कारण ओढल्यानें आंतडें कापलें जातें. येथें घरगुती उपाय कोणताच नाहीं. फुलांचा विषय निघालाच आहे म्हणून सांगतों: भेटीदाखल येणाऱ्या गुच्छांत लिली असेल तर मांजराच्या घरांत तो ठेवूं नये. तिचें पान चघळल्यानें किंवा अंगावर पडलेला पराग चाटल्यानेंही मांजराचीं मूत्रपिंडें निकामी होतात, आणि पहिलें लक्षण असतें साधी ओकारी.

वारंवार पातळ होणाऱ्या मांजराच्या मुळाशीं पुष्कळदां जंत असतात. शेवयांसारखे पांढरे लांब जंत पिल्लांना आईच्या दुधांतूनच मिळतात. पिल्लाचें पोट नगाऱ्यासारखें आणि बरगड्या उघड्या दिसतात. चपट्या जंताचे तुकडे शेपटीखालीं तांदळाच्या कण्यांसारखे चिकटलेले दिसतात; हा जंत पिसवांतून येतो, तशाच जातीचा दुसरा उंदरांतून. लसूण किंवा कडू काढा देऊन जंत पडत नाहींत, मांजर मात्र पडतें. वजन करून दिलेली पशुवैद्याची गोळी स्वस्तही आहे आणि खात्रीचीही.

लस न टोंचलेल्या पिल्लाला एकाएकीं ओकारी व हगवण लागली, तें पाण्याच्या भांड्यावर मान टाकून बसलें पण पाणी पीत नाहीं, तर तो पॅनल्यूकोपेनिया नांवाचा साथीचा रोग असण्याचा संभव मोठा. एका-दोन दिवसांत पिल्लू दगावतें. याचे जंतु घरांत वर्षभरही जिवंत राहतात, म्हणून अशा घरांत नवें पिल्लू लस टोंचल्यावांचून आणूं नये. लस आहे, ती प्रभावी आहे, आणि दोन महिन्यांच्या सुमारास तिला आरंभ करतात.

खेड्याकडच्या श्रोत्यांना विषाबद्दल सांगणें अवश्य आहे. शेतांतल्या उंदरांसाठीं ज्वारीचा भरडा, तेल आणि झिंक फॉस्फाइड यांचें मिश्रण ठेवतात. तें खाऊन मेलेला उंदीर मांजरानें खाल्ला तर त्यालाही विषबाधा होऊं शकते. पोटांतल्या आम्लाशीं संयोग होऊन त्यापासून विषारी वायु निघतो, आणि अन्न किंवा दूध दिलें तर आम्ल वाढून वायु अधिकच निघतो. म्हणून येथें "आधीं कांहीं पोटांत जाऊं दे" ही ममताच घातक होते. कांहीं पाजूं नये, मिठाच्या पाण्यानें ओकवूंही नये. खिडक्या उघडाव्या, विषाची पुडी बरोबर घ्यावी आणि निघावें.

मांजर किती आजारी आहे हें पाहण्याच्या दोन परीक्षा मला त्या पशुवैद्यांनीं पुढें शिकविल्या. ओंठ वर करून हिरडी बोटानें दाबावी. ती पांढरी होऊन दोन सेकंदांच्या आंत पुन्हां गुलाबी झाली पाहिजे. हिरडी ओलसर असावी. बोटाला चिकटूं लागली तर शरीरांतलें पाणी आटलें आहे. दुसरी, दोन खांद्यांमधली कातडी चिमटींत उचलून सोडावी. ती लगेच जागेवर बसली तर ठीक. हळूहळू बसली तर घरीं थांबण्याची वेळ गेली. ओकारींत किंवा मलांत रक्त, काळा डांबरासारखा मल, फुगलेलें दुखरें पोट, तासातासाला होणारी ओकारी, हीं दिसलीं तर परीक्षेचीही वाट पाहूं नये.

घरच्या माणसांनींही आपली काळजी घ्यावी. मांजराची घाण रोजच्या रोज काढावी. मलांतून येणाऱ्या टॉक्सोप्लाझ्मा नांवाच्या एका परजीवीला संसर्गजन्य व्हावयास एक दिवस तरी लागतो, म्हणून रोज काढलेली घाण शिळ्या घाणीपेक्षां पुष्कळ निर्धोक. गर्भवती स्त्रीनें हें काम दुसऱ्या कोणावर सोंपवावें. त्यासाठीं मांजराला घराबाहेर घालविण्याचें मात्र कारण नाहीं.

राहिला पशुवैद्याकडे जाण्याचा प्रश्न. मुंबईस परळला १८८६ पासून पशुवैद्यकाचें महाविद्यालय आहे, आणि मोठ्या शहरांतून केवळ कुत्र्यामांजरांचे दवाखानेही पुष्कळ झाले आहेत. लहान गांवांत तालुक्याचा गुरांचा दवाखाना असतो. तेथें गाईम्हशींच्या गर्दींत मांजर घेऊन उभें राहावयास संकोच वाटतो. मलाही वाटला होता. मांजराला हातांत धरून नेऊं नये, तें निसटतें. झांकणाच्या टोपलींत जुनें लुगडें अंथरून न्यावें, वर एक कापड टाकावें. अंधारांत तें शांत राहतें. मलाचा नमुना झांकणाच्या लहान डबींत घ्यावा. आणि एका चिठ्ठीवर लिहून न्यावें: किती वेळां ओकलें, काय पडलें, शेवटचें केव्हां खाल्लें, लघवी केव्हां झाली. खालीं आणखी एक ओळ सोडावी, घरीं काय काय दिलें त्याची. गोळी दिली असेल तर गोळीचें नांव, तेल पाजलें असेल तर किती चमचे. आमच्या घरीं सध्यां ढाण्याच्या जागीं त्याच रंगाची एक मांजरी आहे. तिची चिठ्ठी मीच लिहितों, आणि ती शेवटची ओळ मी आधीं लिहितों.